एकोणीसशे तेराच्या पुढे

चष्म्याच्या दुकानात माणूस दोन कारणांनी येतो: एक तर दिसत नाही म्हणून, नाहीतर चष्म्यावर बसला म्हणून. या दुकानात मात्र कुठल्याही कारणाने आलं तरी एक जास्तीची गोष्ट पदरात पडायचीच, आणि ती फुकट असल्यामुळे नकोही म्हणता यायचं नाही. काच घासून फ्रेममध्ये बसेपर्यंत अर्धा-पाऊण तास जायचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं, त्याचा जुना चष्मा काढून घेतलेला, त्यामुळे पळून जायचं म्हटलं तरी दार धड दिसत नसे. अशा माणसाला गाठून चष्मेवाला घासायचं चाक सुरू करायचा आणि विचारायचा, "एकोणीसशे साली काय झालं, माहितीये?"

त्यावरून गल्लीत त्याचं नावच 'एकोणीसशे' पडलं होतं. शेजारचा किल्लीवाला पत्ता सांगतानासुद्धा बेलाशक सांगायचा, "एकोणीसशेच्या दुकानाला लागून." चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं. राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला ते थोडंसं आवडायचं. बापाच्या नावाने दुकान होतं, घर बायकोच्या नावावर होतं. स्वतःच्या कर्तबगारीने मिळवलेलं म्हणावं असं हे एवढंच होतं.

गोष्ट अशी असायची. एकोणीसशे साली प्लँक नावाच्या एका सभ्य प्राध्यापकाला तापलेल्या भट्टीचं कोडं पडलं. जुनं गणित म्हणत होतं की भट्टीतून जांभळ्याच्याही पलीकडच्या प्रकाशाचा पूर लोटला पाहिजे. भट्टी काही ऐकत नव्हती. शेवटी नाइलाजाने प्लँकने ऊर्जा सलग धारेने न सोडता पुड्यांत बांधली, मोजून एकेक पुडी, आणि गणित चटकन जुळलं. त्याचा स्वतःचाच त्या पुड्यांवर विश्वास बसेना. पुढे कित्येक वर्षं त्या सोडून सगळा माल परत जुन्या डब्यात ओतता येईल का, हेच तो बघत बसला. मग एकोणीसशे पाच साली आइनस्टाइन आला. तो तेव्हा पेटंटच्या कचेरीत साधी नोकरी करत होता, आणि त्याने सांगितलं की प्रकाश स्वतःच पुड्यांनी येतो. मग एकोणीसशे तेराला बोर आला. त्याने अणूत इलेक्ट्रॉनसाठी जिना बांधला. पायरीवर उभं राहायला परवानगी, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही.

इथपर्यंत काच घासून झालेली असायची. चष्मेवाला ती फ्रेममध्ये बसवायचा, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचा, आणि बापाने घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे दोनदा विचारायचा, "नीट दिसतंय ना? नीट दिसतंय ना?" गिऱ्हाईक हो म्हणायचं आणि दार दिसू लागल्याबरोबर दाराकडे वळायचं. दोन वर्षांनी नंबर वाढला की तेच गिऱ्हाईक परत यायचं. "मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो?" चष्मेवाला विचारायचा. "छे हो, आता कुठलं आठवायला," असं उत्तर आलं की तो खोटाखोटा उसासा टाकायचा आणि आनंदाने पुन्हा एकोणीसशेपासून सुरुवात करायचा.

आनंदाने, कारण एकोणीसशे तेराच्या पुढचं त्याला येत नव्हतं. कॉलेजात त्याच विषयाच्या पेपरात तो दोनदा आडवा झाला होता. पहिल्या वेळी अर्ध्या तासात उठून बाहेर आला. दुसऱ्या वेळी शेवटची घंटा होईपर्यंत बसला आणि तरीही नापास झाला, म्हणजे अभ्यास केला नव्हता ही सबबसुद्धा हातची गेली. बापाने निकाल बघितला आणि म्हणाला, "तिथे तुला काही दिसत नसेल, तर इथे ये. इथे निदान दुसऱ्यांना दिसतं." तेव्हापासून तो त्या चाकावर बसला होता.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. सुया टोचण्याची सवय असल्यामुळे बोलतानाही तिचा हात हलका नव्हता. "अहो, लोक चष्म्यासाठी येतात, शिक्षा भोगायला नाही," ती म्हणायची. यावर तो म्हणायचा की ज्ञान वाटल्याने वाढतं. ती म्हणायची, "मग इतकी वर्षं वाटताय, तेराचं चौदा कधी होणार?"

ते झालं शिलाईच्या ताईंमुळे.

ताई बाजाराच्या पलीकडच्या गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवायच्या. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीच्या, बोलायला कमी. जवळचं दिसेना म्हणून पहिल्यांदा चष्म्याला आल्या. रिवाजाप्रमाणे प्लँक झाला, आइनस्टाइन झाला, बोरचा जिना झाला, चष्मा नाकावर बसला. ताई दाराकडे न वळता स्टुलावर तशाच बसून राहिल्या.

"मग पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे म्हणजे?"

"तो जिना. पायऱ्या तिथेच का घातल्या? मधे का नाही?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चष्मेवाल्याला थेट परीक्षेचा हॉल आठवला. "ते मोठं प्रकरण आहे, ताई," तो गंभीर चेहरा करून म्हणाला. "सवडीने सांगतो."

त्याला वाटलं, सुटलो. पण पुढच्या शनिवारी ताई परत हजर. काय तर म्हणे, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. त्याने बघितलं, स्क्रू चांगला घट्ट होता. त्याने तो उगाच सैल करून परत पिळला आणि तेवढ्या वेळात तब्येतीची चौकशी करून वेळ मारून नेली. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती लक्षात येताच तो हरभऱ्याच्या झाडावर जो चढला तो खाली यायचं नाव घेईना. आपली गोष्ट ऐकायला माणूस आपल्या पायांनी चालत आला होता!

त्याने रद्दीवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक पैदा केलं. घरी येऊन उघडून बघतो तर ज्यातून नापास झाला तेच. आता सकाळच्या चहाबरोबर पुस्तक, दात घासताना पुस्तक. बायको विचारायची, "परीक्षा कधी आहे?" तो म्हणायचा, "शनिवारी." आणि ती थट्टा नव्हती.

एकोणीसशे चोवीस मात्र त्याला चक्क समजलं. द ब्रॉय नावाच्या एका खानदानी तरुणाने म्हटलं, प्रकाशाची लाट जर पुड्यांसारखी वागते, तर इलेक्ट्रॉनने लाटेसारखं का वागू नये? त्या लाटेचे वळसे घेरात पूर्णच्या पूर्ण बसले तरच ती टिकते. अर्धा वळसा उरला की संपलं. म्हणून पायऱ्या ठरावीक जागीच. ताईंसाठी म्हणून चष्मेवाल्याने यावर खास शिलाईखात्यातला दाखला तयार केला. "म्हणजे बघा, झग्याच्या घेराला चुण्या घालताना शेवटी अर्धी चुणी उरली तर कशी पंचाईत होते, तसं."

"अर्धी उरत नाही," ताई म्हणाल्या. "आधी टाचण्या लावतात."

"समजा, नाही लावल्या."

"का नाही लावणार?" ताईंना ते अजिबात पटलं नाही. पण द ब्रॉय पटला. "हां, पूर्ण बसलं तरच," असं पुटपुटत त्या गेल्या, आणि चष्मेवाला त्या रात्री दोन घास जास्त जेवला. पुस्तकात आणखी एक मजा त्याला सापडली होती. थॉमसन नावाच्या बापाने इलेक्ट्रॉन हा कण आहे असं दाखवून मोठं बक्षीस मिळवलं, आणि पुढे त्याच्या मुलाने तो लाट आहे असं दाखवून तेच बक्षीस मिळवलं. हे त्याने बायकोला ऐकवलं आणि वर म्हणाला, "आमच्याकडे बापाने दुकान काढलं आणि मुलाने त्यात व्याख्यानमाला काढली." बायको म्हणाली, "बक्षिसाचं तेवढं बघा."

शनिवारांमागून शनिवार गेले. मग एकदा ताई खरोखरच्या कामाला आल्या: नंबर थोडा बदलला होता. दोन्ही डोळ्यांचा नंबर तिरपा होता. अशा काचा कुठल्या डोळ्याला कुठल्या कोनात बसतात याला फार महत्त्व. ह्याची त्याला गेली की सरळ रेघ वाकडी दिसायला लागते. ताई म्हणाल्या, फ्रेम चांगली आहे, त्यातच नव्या काचा घाला. त्याने जुन्या काचा काढून टाकल्या, नव्या दोन्ही समोर मांडल्या आणि चाक सुरू केलं.

दुर्दैवाने त्या दिवशी एकोणीसशे पंचवीस होतं.

पंचवीस त्याला समजलेलं नव्हतं. पण न समजलेली गोष्ट माणूस जास्त जोरात सांगतो, आणि त्याच्याइतका या बाबतीतला अनुभव गावात दुसऱ्या कुणाला नसेल. हायझेनबर्ग नावाचा चोवीस पुरा न झालेला पोरगा, फुलांच्या परागांनी नाक सुजलेलं, शिंकून बेजार. तो एका उघड्याबोडक्या बेटावर पळून गेला आणि तिथे म्हणाला, इलेक्ट्रॉनची वाट कुणी बघितलीय का? नाही ना? मग तिच्याबद्दल बोलूच नका. जेवढं मोजता येतं तेवढ्याचेच तक्ते मांडा. आणि मांडल्यावर आढळलं की या तक्त्यांचा गुणाकार विचित्र आहे. आधी हा मग तो केला तर एक उत्तर. आधी तो मग हा केला तर वेगळंच!

"म्हणजे कसं?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे असं." चष्मेवाल्याने चाक थांबवलं. समोरच्या दोन्ही काचा उचलल्या, एक उजव्या हातात, एक डाव्या हातात, आणि जादूगारासारखे हात वर केले. "ही आधी, मग ही." मग हातांची कैची केली. "आणि आता ही आधी, मग ही. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? फरक पडतो, ताई! जमीन-अस्मानाचा फरक पडतो!"

त्याने काचा परत खाली ठेवल्या, खुणा केल्या, घासल्या, बसवल्या. चष्मा ताईंच्या नाकावर ठेवला. स्वतःच्या वक्तृत्वाने तो इतका फुलून गेला होता की बापाची शिस्त पार विसरला. नीट दिसतंय का, हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारलं, "समजलं ना?"

ताईंनी डोळ्यांची उघडझाप केली, दाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "समजलं," त्या म्हणाल्या.

"आठवडाभर जरा वेगळं वाटेल. सवय होऊ द्या," तो म्हणाला. हे वाक्य तो सगळ्यांनाच सांगायचा.

पुढच्या शनिवारी ताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चष्मेवाला रुसला. त्या तक्त्यांनीच घात केला, असं त्याने ठरवून टाकलं. आपल्याला पळवून लावणाऱ्या गुणाकाराने ताईंनाही पळवलं. तरी त्याने तयारी सोडली नाही. सव्वीसचा श्रोडिंगर आणि त्याच्या लाटा पाठ केल्या. बॉर्न तर त्याला फार आवडला. ती लाट म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची केवळ शक्यता, हे बॉर्नने सांगितलं, पण छापताना आधी नियम चुकीचा लिहिला आणि बरोबर नियम पानाच्या तळाशी बारीक टिपेत टाकला. पुढे त्या कामाला मोठं बक्षीस मिळालं. चूक दुरुस्त करायची ही पद्धत चष्मेवाल्याला फारच सोयीची वाटली. सत्तावीसची अनिश्चितता तर त्याने बायकोसमोर हातवारे करून म्हणून दाखवली. बायको झोपली होती.

मग एके दिवशी कारखान्याचे मालक आले. त्यांच्या चष्म्याची नाकावरची गादी निघाली होती. चष्मेवाल्याने सहज सुरात विचारलं, "आमच्या ताई काय म्हणतात? हल्ली फिरकत नाहीत."

"ताई? त्या जातायत की महिनाअखेर," मालक म्हणाले. "डोळे गेले हो त्यांचे. कॉलरची एक शिवण सरळ येईना. माल परत यायला लागला. मी काही बोललो नव्हतो, त्याच येऊन म्हणाल्या, मालक, आता माझ्याच्याने होत नाही. सध्या दोरे कापायला बसवलंय. मशीन दुसऱ्या मुलीला दिलं."

चष्मेवाल्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की मग आता सत्तावीस कोण ऐकणार? हा विचार इतका नीच होता की त्याची त्यालाच लाज वाटली. दुसरा विचार: पण नंबर तर मीच काढला, चांगलं दिसत होतं त्यांना. तिसरा विचार आला नाही. डोळ्यांसमोर फक्त स्वतःचे हात आले, वर केलेले, कैची झालेले.

त्याने नंबर काढायच्या सुट्या काचांची पेटी उचलली. त्या काचा ज्यात घालून डोळ्यांवर चढवतात ती लोखंडी, स्क्रूंनी भरलेली बोजड फ्रेम घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि गादी न बसवताच मालकांना घेऊन निघाला. वाटेत त्याचं डोकं भराभर चालू लागलं, आणि ते जेव्हा असं चालायचं तेव्हा हमखास खड्ड्यात जायचं. म्हणता येईल की नंबर मध्यंतरी बदललाय. म्हणता येईल की नव्या काचा मी फुकट घालून देतो. ताई दुवा देतील, मालक वाहवा करतील, कुणाला काही कळणार नाही. बाजार ओलांडेपर्यंत ही योजना त्याला एवढी आवडली की आपण किती दिलदार आहोत या विचाराने त्याला गहिवरून आलं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन रांगा मशिनं, आणि सगळीकडे खळ दिलेल्या कापडाचा वास. ताई खिडकीशी बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. एक डोळा गच्च मिटून, सदरा नाकाला टेकेल इतका जवळ धरून त्या दोरे कापत होत्या. चष्मा डोळ्यांवर होता. त्या एवढ्याशा कामालाही त्यांना चाचपडावं लागत होतं. चष्मेवाल्याच्या योजनेतली हवा तिथेच गेली.

ताईंनी त्याला ओळखलं आणि गडबडून उठल्या. "भाऊ, मी येणारच होते. पण लाज वाटली. त्या दिवशी मला काही म्हणजे काही समजलं नव्हतं. तुम्ही एवढं जीव तोडून सांगत होतात, म्हणून हो म्हणाले. आता आले की तुम्ही पुढचं सांगणार, मधेच काहीतरी विचारणार, आणि माझी फजिती."

"चष्मा बघू," तो म्हणाला.

त्याने चष्मा हातभर लांब धरला, काचेतून खिडकीचा गज बघितला आणि काच हळूच फिरवली. गज जिथे सरळ दिसायला हवा होता तिथे तो मोडलेला दिसला. दुसरी काचही तशीच. बघण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. तो बोलायला गेला तर तोंडातून निघालं, "एकोणीसशे पंचवीस साली..." आणि तो थांबला. स्वतःचा इतका वीट त्याला परीक्षेच्या निकालादिवशीही आला नव्हता.

"ताई, तुमचे डोळे गेलेले नाहीत," तो म्हणाला. "काचा उलट बसल्यात. उजव्याची डाव्याला, डाव्याची उजव्याला. मी बसवल्यात."

जवळची दोन-तीन मशिनं थांबली. मालकांना कळेना. "अहो, पण असं कसं होईल?"

"मी गोष्ट सांगत होतो," चष्मेवाला म्हणाला.

ताईंचा आवाज चढला, आणि त्यांचा आवाज चढलेला त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. "मी मुलीला सांगून टाकलं की आता माझं काही खरं नाही. रोज उठून एक डोळा झाकून बघते, मग दुसरा झाकून बघते. आज थोडं बरं असेल, आज असेल. चष्मा चुकला असेल हे माझ्या मनालासुद्धा शिवलं नाही, भाऊ. तुम्ही केलाय म्हटल्यावर! म्हटलं, मीच चुकतेय."

चष्मेवाल्याने हातातला चष्मा खाली ठेवला. "मलाही समजलं नव्हतं."

"काय?"

"पंचवीस. मी त्या पेपरात दोनदा नापास झालोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताई हसल्या नाहीत. चष्मेवाल्याने पेटी उघडली. एकेक काच निवडून लोखंडी फ्रेममध्ये घातली, कोन जुळवला, परत जुळवला आणि फ्रेम ताईंच्या नाकावर चढवली. ताईंनी खिडकीकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. मग आपल्या जुन्या मशीनशी गेल्या. तिथली मुलगी आपसूक उठली.

ते ध्यान बघण्यासारखं होतं. बारीक चणीच्या ताई, आणि चेहऱ्यावर ते स्क्रूंचं, आकड्यांचं लोखंडी यंत्र. सगळी खोली खिदळायला लागली. ताईंनी कॉलर घेतली, सुईखाली धरली आणि पायाने मशीन चालवलं. शिवण टोकापर्यंत सरळ गेली, वळणावर वळली, परत सरळ आली. मालकांनी कॉलर उजेडात नेऊन उलटसुलट बघितली आणि त्या मुलीला शेजारचं रिकामं मशीन दाखवलं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. ताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लोखंडी फ्रेममुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं, आणि त्या हातही थांबवत नव्हत्या. दुसरी कॉलर झाली. तिसरी घेतली.

त्या फ्रेमशिवाय चष्मेवाल्याला दुकान उघडता येणार नव्हतं. गावात ती एकच होती. मालकांनी त्याची चुळबुळ ओळखली. "ताई, ते थांबलेत. त्यांना ते परत हवंय."

ताईंनी मान वर केली नाही. "थांबू देत," त्या म्हणाल्या, आणि पुढची कॉलर ओढली.

चष्मेवाला पेटी छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने बसवलेल्या काचांतून बघून कुणाला काम करताना त्याने आजवर कधी बघितलं नव्हतं. समोर कॉलरींची चळत बरीच मोठी होती. त्याला घाई होती, पण ते सांगायची छाती नव्हती.